पहिली अणुभट्टी आणि उशिरा येणारे न्यूट्रॉन

भट्टी म्हटली की आम्हां गिरणीवाल्यांच्या डोळ्यांपुढे बॉयलर आणि कोळसा येतो. अणुभट्टीत मात्र जळत काहीच नाही. तिथला सारा कारभार न्यूट्रॉनांचा.

युरेनियमचा गर्भ फुटला की सरासरी अडीचेक न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगाने सुटतात. एवढ्या घाईतला न्यूट्रॉन पुढचा गर्भ क्वचितच फोडतो. ग्राफाइटच्या अणूंवर शंभरावर टकरा खाल्ल्या की त्याचा वेग सव्वादोन किलोमीटरवर उतरतो आणि तो कामाचा होतो. पण वाटेत, मधल्या वेगात असताना, त्याला गिळायला युरेनियम-२३८ टपलेले असते. फुटणारे युरेनियम-२३५ शंभरात एकही भरत नाही. बाकीचे जवळजवळ सगळे हेच भाऊबंद! म्हणून युरेनियमचे गोळे अंतराअंतराने ठेवायचे आणि न्यूट्रॉनने आपला वेग मधल्या ग्राफाइटमध्येच टाकावा अशी सोय करायची.

ही रचना एन्रिको फर्मी यांनी १९४२ साली शिकागोत उभी केली. मुळात ती शहराबाहेर आर्गॉनच्या रानात व्हायची होती. कामगारांच्या तंट्याने तिथली इमारत रेंगाळली, आणि काम विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या पायऱ्यांखालील एका खेळाच्या खोलीत आले. भर वस्तीत! तंटा कामगारांचा, पण भर शहरात प्रयोग करण्याचा निर्णय वरच्यांचा, हे विसरू नये.

१६ नोव्हेंबरपासून दोन पाळ्यांत रचाई चालली. सुमारे ४५,००० ग्राफाइटच्या विटा, ५७ थर. शास्त्रज्ञांबरोबर शाळा सोडलेली, सैन्यात भरती होण्यापूर्वी चार पैसे मिळवू पाहणारी तीसेक पोरे राबत होती. ग्राफाइटच्या भुकटीने सगळे कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे काळे होत. जमीन निसरडी होई. त्या पोरांची नावे कोणत्या पाठ्यपुस्तकात आहेत?

२ डिसेंबरला जॉर्ज वाइल कॅडमियमची दांडी थोडीथोडी बाहेर ओढत होते. कॅडमियम न्यूट्रॉन पिऊन टाकते. सकाळी एक सुरक्षा-दांडी आपोआप धाडकन खाली पडली. फर्मी म्हणाले, चला जेवायला. दुपारी मात्र साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. दर १०,००० न्यूट्रॉनांमागे पुढच्या पिढीला १०,००६. शक्ती अवघी अर्धा वॉट, आणि अठ्ठावीस मिनिटांनी दांड्या आत.

आता खरा मुद्दा. एक पिढी सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात संपते. त्या हिशेबाने न्यूट्रॉनांची संख्या सेकंदाभरात दुप्पट झाली असती, आणि माणसाचा हात दांडीवर टिकला नसता. प्रत्यक्षात ती दुप्पट व्हायला मिनिटे लागली. कारण हजारात सहा-सात न्यूट्रॉन लगेच सुटत नाहीत. फुटलेल्या गर्भाच्या तुकड्यांतून ते काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने निघतात. हे १९३९ सालीच आढळले होते. साखळीला या मागे रेंगाळणाऱ्यांची वाट पाहावी लागते, तोवर माणसाला सवड मिळते. आपल्या तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झालेल्या अप्सरेतही, मंदायक पाणी असले तरी, लगाम याच मूठभरांच्या हाती होता.

फेब्रुवारी १९४३ मध्ये शिकागोची ती रास वीट-वीट उतरवली गेली आणि आर्गॉनला नेऊन, भोवती संरक्षक भिंत घालून, पुन्हा रचली गेली.