वर्षावास: लोकांच्या तक्रारीतून जन्मलेला नियम

आषाढ पौर्णिमेला महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत वर्षावास सुरू होतो. पांढरी वस्त्रं नेसून बायाबाप्ये, तरुण मुलं संध्याकाळी जमतात. त्रिसरण-पंचशील होतं आणि बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन सुरू होतं, ते थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. या तीन महिन्यांचं मूळ कुठल्या दिव्य साक्षात्कारात नाही. ते आहे सामान्य माणसांच्या तक्रारीत, आणि ती तक्रार ऐकून घेण्यात.

विनयपिटकाच्या महावग्गात ही हकिगत आली आहे. तथागत बुद्ध तेव्हा राजगृहाच्या वेळुवनात होते. भिक्खू बारा महिने गावोगाव चारिका करत. भर पावसातही हे श्रमण हिंडतात, हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, अशी कुरकुर लोकांत सुरू झाली. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरंही घरटं बांधून थांबतात, मग यांनाच काय झालं? भिक्खूंनी हे बोलणं तथागतांच्या कानावर घातलं. त्यांनी ते मनावर घेतलं आणि पावसाळ्यात एकाच ठिकाणी वास करण्याचा नियम घालून दिला.

नियम केला, पण तो माणसाहून मोठा होऊ दिला नाही. आईवडील आजारी असतील, एखादा भिक्खू अंथरुणाला खिळला असेल, तर सात दिवसांत परतण्याच्या बोलीवर जाता येई. श्वापदं, चोर, पूर किंवा आग यांचं संकट आलं, तर वास मोडून निघून गेलं तरी दोष लागत नसे.

मात्र एकत्र राहायचं कसं, हा प्रश्न उरलाच होता. कोसल देशातल्या काही भिक्खूंनी त्यावर तोडगा काढला: भांडण नको म्हणून कोणी कोणाशी बोलायचंच नाही. कामं खाणाखुणांनी करायची. तीन महिने असे शांततेत काढून ते श्रावस्तीला आले आणि आपण सुखाने राहिलो, असं त्यांनी सांगितलं. तथागतांनी त्यांना शाबासकी दिली नाही. हे तर जनावरांसारखं राहणं झालं, असं बजावून त्यांनी मौनाचं व्रतच मना केलं आणि त्याजागी पवारणा दिली.

वर्षावासाच्या अखेरीस संघ एकत्र बसतो. सर्वांत ज्येष्ठ भिक्खू आधी उकिडवा बसतो, हात जोडतो आणि तीन वेळा विनंती करतो: माझ्या हातून काही चूक झालेली तुम्ही पाहिली असेल, ऐकली असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, पटलं तर मी ती सुधारीन. मग क्रमाने धाकटे हेच करतात. इथे मोठेपणाला सूट नाही, उलट सुरुवात मोठ्यांपासूनच होते. संयुत्त निकायातल्या पवारणा सुत्तानुसार तथागतांनी स्वतः श्रावस्तीच्या पूर्वारामात सुमारे 500 भिक्खूंना विचारलं होतं, की माझ्या कायेत किंवा वाणीत तुम्हाला काही दोष दिसतो का? शिष्य सारिपुत्तांनी ‘नाही’ म्हटलं आणि लगेच स्वतःबद्दल तोच प्रश्न पुढे केला.

वर्षावासाची परंपरा आपल्या मातीत फार जुनी आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने लेणं संघाला दिलं आणि 3000 कार्षापण नाण्यांची कायम ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवली. त्यातल्या 2000 वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला 240 कार्षापण व्याज. ते लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 प्रमाणे द्यायचं, असं त्याने कोरून ठेवलं. विणकरांच्या धंद्यातला पैसा भिक्खूंच्या साधनेला असा आधार देत होता.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, त्यांचा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चारिका करणाऱ्या भिक्खूंचा वर्षावास मग मोलमजुरी, नोकरी करणाऱ्या उपासक-उपासिकांचाही झाला आणि ग्रंथवाचन हा त्याचा कणा बनला.

धम्मात रोजचं वागणं आणि मुक्ती या दोन वेगळ्या वाटा नाहीत. निब्बाणाआड येतो तो मीपणा, आणि मीपणाला सर्वांत जड जातं ते आपला दोष दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं. वेळुवनात तथागतांनी लोकांचं ऐकलं, पूर्वारामात शिष्यांना विचारलं. पवारणा हा भिक्खूंचा विधी असला तरी तिच्यातला प्रश्न कोणत्याही घराला पेलेल असा आहे. ग्रंथाची समाप्ती होईल त्या अश्विन पौर्णिमेला तो घराघरांत विचारला जावा: आधी वडीलधाऱ्यांनी लेकरांना, सासूने सुनेला, नवऱ्याने बायकोला, विहारात आधी पदाधिकाऱ्यांनी बाकीच्यांना. तीन महिने वाचलेला धम्म आपल्यात किती उतरला, हे त्या उत्तरांवरून कळेल.