जुनी टपाल तिकिटे व पोस्टकार्डे, मराठवाड्यातील

हैदराबाद संस्थानच्या मराठवाडा विभागात १८६९ ते १९५० या काळात प्रचारात असलेली टपाल तिकिटे व पोस्टकार्डे. घनसावंगी व आसपासचा प्रदेश त्या काळी निजामाच्या राज्यात औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे येथील जुन्या दप्तरांतील पत्रांची पारख करताना दोन टपाल व्यवस्था ध्यानात घ्याव्या लागतात. निजामाची तिकिटे संस्थानच्या हद्दीपुरतीच चालत. पुणे-मुंबईकडील पत्रव्यवहारास ब्रिटिश हिंदुस्थानचे टपालमूल्य लागे. एकाच कुटुंबाच्या संग्रहात दोन्ही प्रकारची तिकिटे आढळण्याचे कारण हेच होय.

पोस्टकार्ड प्रथम ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून पाव आण्यास मिळू लागले. १९२२ मध्ये त्याची किंमत अर्धा आणा झाली. सरकारी पोस्टकार्डावरील तिकीट बहुधा कार्डावरच छापलेले असते. वेगळे तिकीट चित्रकार्डांवर वा वाढीव टपालमूल्यासाठी चिकटविलेले आढळते. हा भेद न कळल्याने छापील तिकीट कापून घेण्याची चूक पुष्कळदा होते.

निजामाचे पहिले तिकीट १८६९ मध्ये एक आण्याचे निघाले. १८७१ पासून प्रचारात आलेल्या मालिकेवर इंग्रजी, उर्दू, तेलुगू व मराठी अशा चार भाषांत किंमत दिलेली असे. १८७३ पासून शासकीय पत्रव्यवहाराच्या तिकिटांवर ‘सरकारी’ हा शब्द फार्सी लिपीत छापलेला दिसतो. १९०५ च्या तिकिटांवर ‘पोस्टेज’, तर १९१५ पासूनच्या तिकिटांवर ‘पोस्ट अँड रिसीट’ हा इंग्रजी मजकूर आहे. ही दुसरी तिकिटे पावत्यांवरही चालत. म्हणून टपालाच्या शिक्क्याऐवजी लेखणीने सही केलेले असे तिकीट टपालात वापरलेले नसून पावतीवरचे असण्याचा संभव असतो. १९३१ च्या मालिकेत चार मिनार, उस्मानसागर इत्यादींबरोबरच अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार (८ आणे) व दौलताबादचा मनोरा (१ रुपया) ही मराठवाड्यातील स्थळेही आहेत. निजामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३७ मध्ये चार तिकिटे निघाली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्याच्या ताब्यात आल्यावरही ही तिकिटे काही काळ चालू राहिली. १ एप्रिल १९५० पासून सर्वत्र भारतीय तिकिटे लागू झाली.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांचा कालखंड चित्रावरून ठरविता येतो : व्हिक्टोरिया राणी, १९०२ पासून सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज व त्यानंतर सहावा जॉर्ज. पाचव्या जॉर्जच्या कारकीर्दीतच तिकिटांची छपाई नासिक येथे सुरू झाली. चित्र व किंमत सारखी असली, तरी कागदातील जलचिन्ह व कडेची छिद्रे यांवरून निरनिराळ्या छपाया ओळखता येतात. टपालाच्या शिक्क्यावरील अथवा पत्रातील सन फसली असल्यास त्यात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळविले असता इसवी सन येतो.

तिकीट जुने म्हणजे मौल्यवान, हा समज बरोबर नाही. कमी किंमतीची तिकिटे प्रचंड संख्येने छापली व जपली गेल्यामुळे त्यांना एरवी अल्प मोल येते. मोल ठरते ते दुर्मिळता, मागणी व स्थिती यांवरून. फाटलेला कोपरा, तुटलेली दाती, पातळ झालेला कागद व डाग यांमुळे ते घटते. सूचिग्रंथांतील किंमती चांगल्या स्थितीतील प्रतींच्या व विक्रेत्यांच्या असतात. विकणाऱ्यास प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळते.

मात्र सामान्य तिकीटही मूळ पत्रावर, स्पष्ट शिक्क्यासह टिकून असेल, तर त्याचे महत्त्व वाढते. लहान गावच्या टपाल कचेरीचा शिक्का, पत्ता व मजकूर यांवरून पत्राचा मार्ग, त्या काळचे दर आणि मराठी, उर्दू व इंग्रजी यांचा दैनंदिन व्यवहारातील वापर समजतो. तिकीट पाण्यात भिजवून सोडविले, की हा पुरावा नाहीसा होतो. म्हणून असे पोस्टकार्ड न कापता, न पुसता, ऊन व ओल यांपासून दूर, अखंड ठेवणेच इष्ट होय.