घरातल्या बुजुर्गांसाठी आरोग्य विमा: कोणता प्रकार कोणत्या घराला जुळतो?

साठी ओलांडलेल्या अम्मी-अब्बांसाठी आरोग्य विमा घ्यायचा म्हटलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, "पाच लाखांचा हप्ता किती बसेल?" त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा: उद्या बिल आलं, तर त्यातले किती पैसे आपल्या खिशातून जातील? बुजुर्गांच्या पॉलिसीत अटी जास्त असतात, त्यामुळे हप्ता कमी दिसला तरी बिलाच्या वेळी मोठा भाग घरावर येऊ शकतो. म्हणून विम्याचे प्रकार आणि त्यांतल्या मुख्य अटी आम्ही इथे एकत्र देत आहोत.

विमा जायज आहे की नाही, यावर उलेमांची मते एकसारखी नाहीत. तो मसला आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावा. इथे फक्त व्यवहाराची माहिती आहे.

आधी सरकारी कार्ड काढा

वय ७० पूर्ण झालं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, वय आधार कार्डवरून धरतात. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात आणि खासगी पॉलिसी असली तरी कार्ड निघतं. चौकशीसाठी हेल्पलाइन १४५५५.

सत्तरीच्या आतल्यांसाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. त्यासाठी राशन कार्ड लागतं. दोन्ही ठिकाणी मर्यादा एकच: यादीतलं रुग्णालय आणि यादीतलेच उपचार. घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे हे आजच पाहून ठेवा. ते सोयीचं नसेल, तर खासगी पॉलिसीची गरज तिथून सुरू होते.

खासगी पॉलिसीचे प्रकार

*वैयक्तिक पॉलिसी.* प्रत्येकाची रक्कम स्वतंत्र असते. अब्बांच्या ऑपरेशनमुळे अम्मींची रक्कम कमी होत नाही. दोघांनाही शुगर, बीपी असेल तर हा प्रकार बरा.

*फॅमिली फ्लोटर.* एकच रक्कम सगळ्यांत वाटली जाते. हप्ता साधारणपणे घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. म्हणून मुलं-सून-नातवंडांच्या फ्लोटरमध्ये आई-वडिलांना घातलं की सगळ्यांचाच हप्ता चढतो. आई-वडिलांची पॉलिसी वेगळी ठेवणं चांगलं.

*ज्येष्ठ नागरिक पॉलिसी.* ही खास वयस्करांसाठी असते आणि आजार असले तरी मिळण्याची शक्यता जास्त. पण त्यात अनेकदा को-पे असतो, म्हणजे प्रत्येक क्लेमचा ठरलेला टक्का आपण भरायचा. काही आजारांवर वेगळी मर्यादाही असते.

*आरोग्य संजीवनी.* सगळ्या कंपन्यांत अटी सारख्या असलेली ही साधी पॉलिसी २०२० मध्ये आली. को-पे ५ टक्के. अटी सारख्या असल्याने दोन कंपन्यांचे हप्ते समोरासमोर ठेवून पाहता येतात.

*टॉप-अप आणि सुपर टॉप-अप.* ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च हे देतात, म्हणून हप्ता कमी असतो. फरक नीट समजून घ्या. समजा मूळ पॉलिसी ५ लाखांची आहे आणि वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं आली. ५ लाखांच्या वरचा साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण एकही बिल ५ लाखांच्या वर गेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो, म्हणून वरचे ३ लाख देईल. बुजुर्गांना वर्षातून दोनदा भरती व्हावं लागणं नवीन नाही, त्यामुळे सुपर टॉप-अपच घ्यावा.

*गंभीर आजार पॉलिसी.* यादीतला आजार निघाला तर एकरकमी पैसे मिळतात. मोतीबिंदू, न्यूमोनिया, पाय मोडणं यात बसत नाही. मूळ पॉलिसीच्या जागी ही घेऊ नये.

*मुलाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी.* आई-वडिलांना त्यात घेता येत असेल तर जरूर घ्या. जुने आजार बहुधा लगेच धरले जातात. पण नोकरी सुटली की संरक्षणही सुटतं. मुलगा आखातात असेल, तर तिथल्या कंपनीचा विमा इथल्या अम्मी-अब्बांना लागू आहे असं गृहीत धरू नका.

कोणत्या अटी बिल वाढवतात?

एक हिशोब पाहू. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० आणि को-पे २० टक्के आहे. आपण ८,००० ची खोली घेतली, पाच दिवस राहिलो. खोलीचे ४०,०००, ऑपरेशन आणि डॉक्टरांची फी वगैरे १,६०,०००, औषधं आणि तपासण्या ७५,०००. एकूण बिल २,७५,०००.

खोलीचे २५,००० च मंजूर होतील. ऑपरेशन आणि फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाईल, म्हणजे १,००,०००. औषधं आणि तपासण्यांवर अशी कपात होत नाही. मंजूर रक्कम २,००,०००, त्यातून को-पे ४०,००० वजा. कंपनी देणार १,६०,००० आणि आपण भरणार १,१५,०००. पॉलिसी ५ लाखांची असूनही! म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली आणि को-पे कमी असलेली पॉलिसी थोडा जास्त हप्ता देऊनही परवडते.

प्रतीक्षा कालावधीही पाहा. अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस क्लेम नसतो. आधीपासूनच्या आजारांसाठी २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३ वर्षे थांबावं लागतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणं यांनाही वेगळी मुदत असते. आजार बळावल्यावर विमा घेऊ म्हणणाऱ्यांची अडचण इथेच होते.

फॉर्म भरताना

शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन, तंबाखू, सगळं लिहा. "नका लिहू, हप्ता वाढेल," असं एजंट म्हणाला तरी ऐकू नका. क्लेमच्या वेळी दवाखान्याचे जुने कागद तपासले जातात आणि लपवलेला आजार सापडला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. सलग ५ वर्षे पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी या कारणाने क्लेम नाकारू शकत नाही.

नाव आणि जन्मतारीखही जुळवा. आमच्या शाळेत दाखले काढताना नेहमी दिसतं: एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी. दाखल्यावर जन्मतारीख १ जून आणि आधारवर वेगळीच. आधार, राशन कार्ड आणि पॉलिसी यांवर एकच नाव, एकच तारीख असू द्या.

हप्ता आणि हक्क

- २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसीवर जीएसटी नाही. आधी तो १८ टक्के होता.
- ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामक इर्डाशी चर्चा करावी लागते.
- पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत नापसंत म्हणून परत करता येते.
- क्लेम घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. मुदत मात्र चुकवू नका.
- कंपनी बदलताना पोर्टिंग करा. जुन्या पॉलिसीत काढलेला प्रतीक्षा कालावधी नव्या पॉलिसीत धरला जातो. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्या.
- जुन्या करपद्धतीने रिटर्न भरणाऱ्यांना साठीपुढच्या आई-वडिलांच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

थोडक्यात क्रम असा: आधी सरकारी कार्ड, मग आई-वडिलांची स्वतंत्र मूळ पॉलिसी, वर सुपर टॉप-अप. मूळ पॉलिसी मिळत नसेल किंवा परवडत नसेल, तर सरकारी कार्डासोबत दर महिन्याला थोडी रक्कम दवाखान्यासाठी बाजूला टाका. आणि कार्ड, पॉलिसी नंबर, जवळच्या कॅशलेस रुग्णालयांची नावं एका कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. रात्री दोन वाजता कपाट उघडून शोधत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.