हुंकार आणि यंत्राचा कान

मालवणच्या बाजारांत मासळीचा भाव पटला नाहीं, तर गिऱ्हाईक पुष्कळदां शब्द उच्चारीतच नाहीं. जिभेनें दांतांमागें 'च्' असा चटका वाजवितें, किंवा नाकांतून 'अंहं' म्हणतें. विकणारीला तेवढ्यानें सारें कळतें. आमच्या शालेय व्याकरणांत 'अरेरे', 'शाबास' यांना केवलप्रयोगी अव्ययें म्हणून जागा आहे. उसासा, खोकला आणि हा चटका मात्र दाराबाहेर.

बोलणें ओळखणाऱ्या यंत्रांनाहि आरंभीं हीच शिस्त होती. सन १९५२ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 'ऑड्री' हें यंत्र सिद्ध झालें. तें केवळ दहा आंकडे ओळखी, आणि तेहि बोलणारा प्रत्येक आंकड्यापाशीं थांबला तर. १९६२ च्या 'शूबॉक्स'ची मजल १६ शब्दांपर्यंत गेली. पुढें यंत्रासमोर माणसें मोकळेपणानें बोलूं लागलीं, तेव्हां खरी अडचण उभी राहिली. यंत्रापाशीं शब्दांचीच यादी; कानीं पडलेला प्रत्येक आवाज तींतल्या कोणत्या तरी शब्दाला चिकटविणें त्याला भाग. मग खोकल्याचाहि शब्द होई! १९८९ सालीं कार्नेगी मेलन विद्यापीठांतील वेन वॉर्ड यांनीं श्वास, खोकला, 'अं' असें अडखळणें, यांचे नमुने शब्दांच्या नमुन्यांबरोबरच यंत्राला दिले. खोकल्याला खोकला म्हणून ओळखलें, कीं शेजारचा शब्द बिघडत नाहीं. युक्ति साधी, पण शब्दांची यादी लांबविण्यापेक्षां मला तीच मोलाची वाटते.

मराठीकडे वळूं. सन २०११ च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, दूरध्वनीवरून शेतमालाचे बाजारभाव सांगणाऱ्या यंत्रणेसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज गोळा झाले. तें बोलणें उतरवून घेतांना मधले आवाजहि खुणांनीं टिपावे लागले. शेताच्या बांधावर प्रयोगशाळेची शांतता कोठून आणावी?

परंतु सारे निःशब्द ध्वनि एकाच टोपलींत टाकून चालत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील खोसा भाषेंत तर आपला तो 'च्' चक्क व्यंजन आहे. तेथें तो केर म्हणून झाडला, कीं शब्दच मोडतो. आपल्याकडे 'हं' म्हणजे होय, 'अंहं' म्हणजे नाहीं. दोहोंत भेद काय तो मधल्या तुटीचा आणि स्वराच्या चढउताराचा. समजा, यंत्रानें विचारलें, "कोकम म्हणालांत ना?" आणि पलीकडून एखाद्या आजीबाई 'अंहं' म्हणाल्या. यंत्रानें तो उसासा समजून सोडून दिला, तर त्यांना नको त्या मालाचा भाव ऐकावा लागेल. आणि त्या पुन्हा कांहीं दूरध्वनि करावयाच्या नाहींत.