डिस्को संगीतातील बास आणि घरगुती ध्वनिमुद्रण

'डिस्को' हा शब्द 'दिस्कोतेक' या फ्रेंच शब्दाचा संक्षेप होय. ग्रंथालयवाचक 'बिब्लिओतेक' या शब्दाच्या धर्तीवर तो घडला. प्रथम तबकड्यांचा संग्रह आणि पुढे तबकड्यांच्या साथीने नृत्य करण्याचे स्थळ, असा त्याचा अर्थविकास झाला. नावात वादकाला स्थान नसलेल्या या संगीताच्या तबकड्या मात्र मोठ्या वाद्यवृंदांनी घडविल्या. आज घरच्या घरी जुन्या वळणाची डिस्को रचना ध्वनिमुद्रित करताना तालवाद्ये व व्हायोलिने बहुधा यंत्रावर सोपविली जातात. बास गिटार मात्र अनेकदा हाताने वाजविली जाते. ही निवड केवळ गतकाळाच्या ओढीतून होते असे मानणे सोपे आहे. परंतु तिचे कारण त्या वाद्याच्या इतिहासात शोधावे लागते.

फिलाडेल्फिया येथील सिग्मा साउंड हे ध्वनिमुद्रणगृह १९६८ मध्ये सुरू झाले. तेथील 'एमएफएसबी' या वादकसमूहात तंतुवाद्ये, पितळी वाद्ये आणि तालवाद्ये एकत्र आली होती. ड्रमवादक अर्ल यंग यांनी प्रत्येक मात्रेवर दिलेला समान ठोका आणि रॉनी बेकर यांची त्यांतून वाट काढणारी बास यांच्यावर डिस्कोची चाल उभी राहिली. एवढा वाद्यमेळ सामान्य घराच्या चार भिंतींत मावणे अशक्यच होते.

बासची गोष्ट निराळी होती. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांची विजेवरील बास गिटार बाजारात आली. तिच्यात तारांच्या कंपनाचे विद्युत्-संकेतात रूपांतर होते. त्यामुळे ध्वनिग्राहक आणि प्रशस्त खोली यांवाचूनही तिचे मुद्रण करता येते. डेट्रॉइट येथे बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये घेतलेल्या घरातील मुद्रणगृहात जेम्स जेमरसन यांच्या बासची तार थेट मुद्रणयंत्रणेला जोडली जात असे. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्या मुद्रित करणारे 'पोर्टास्टुडिओ' विक्रीस आणले, तेव्हा ही सोय एकट्या वादकाच्या घरी पोहोचली. बर्नार्ड एडवर्ड्स यांची बास असलेले 'शीक' या वृंदाचे 'गुड टाइम्स' त्याच वर्षीचे. शिकागोच्या क्रीडांगणावर १२ जुलै रोजी डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडविल्या गेल्या, तेही त्याच वर्षी.

बासवादकाचीही जागा यंत्राने घेण्याचा प्रयत्न झाला नाही असे नव्हे. रोलंड कंपनीचे 'टीबी-३०३' हे यंत्र एकट्या वादकास बासची साथ मिळावी म्हणून निर्माण झाले. परंतु त्याचा ध्वनी बास गिटारीसारखा नव्हता, आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंह यांनी त्यावर राग आणि डिस्कोचा ठेका यांचा मेळ घातला. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने १९८७ मध्ये त्यातून 'ॲसिड हाउस' हा वेगळाच प्रकार रूढ केला. यंत्राने नवे संगीत दिले; जुन्या बासची जागा मात्र रिकामीच राहिली.

म्हणूनच घरगुती डिस्कोत हाताने वाजविलेली बास हा जुन्या वाद्यवृंदाचा जवळजवळ अखंड उरलेला अवशेष ठरतो. स्वर किती काळ टिकवावा, ठोक्याच्या किंचित अलीकडे पडावा की पलीकडे, हे बोटच ठरविते. तथापि या पुनर्निर्मितीची मर्यादाही येथेच आहे. यंग यांचा ठोका बेकर यांचे ऐकून पडत असे. घरातील बासवादक यंत्राचे ऐकतो, यंत्र त्याचे ऐकत नाही.