बाजार समितीचं कूळ कारंज्याचं

महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी गेलं की कृषी उत्पन्न बाजार समितीची कमान दिसतेच. आत सिमेंटचे ओटे, अडत्यांची दुकानं, मोठा भुईकाटा आणि लिलावाचा गलका. सहकाराच्या लाटेत, साखर कारखान्यांच्या मागोमाग ही व्यवस्था उभी राहिली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिचं मूळ साखरपट्ट्यात नाही, वऱ्हाडच्या काळ्या मातीत आहे, आणि तेही सहकाराच्या कितीतरी आधीचं. देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंज्यात भरला. तो कापसाचा होता. हे कारंजा म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड.

गाव व्यापाराला सरावलेलं होतं. चारी बाजूंनी तट, दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा वेशी, आत लाड आणि जैन सावकारांच्या पेढ्या. १६७० मध्ये सुरतेवरच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटलं, तेव्हा उंची कापड, सोनं आणि चांदी वाहून न्यायला ४,००० बैल आणि गाढवं लागल्याचं इतिहासकार सांगतात. दोनशे वर्षांनी त्याच पेठेत कापडाऐवजी कापसाचा बोलबाला झाला.

त्याचं कारण सात समुद्रांपलीकडे घडलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या कापसाची वाट अडली आणि मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. इंग्रजांची नजर वऱ्हाडावर वळली. हा मुलूख निजामाचा, पण १८५३ च्या तहापासून कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हाती होता. भुसावळहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावला खास कापसासाठी वेगळा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस ‘ऊमरा’ नावाने विकला जाऊ लागला. उमरावती, म्हणजे आजची अमरावती, हिच्यावरून पडलेलं हे नाव.

गाडी आली, गिऱ्हाईक आलं, पण मधला बाजार जुनाच राहिला होता.

धनज हे कारंजा तालुक्यातलं गाव. त्या भागातल्या शेतकऱ्याचं वर्ष कापसावर चालायचं. पहिल्या वेचणीआधी बायका शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायच्या. त्याला ‘सीतादही’ म्हणतात, आणि विदर्भात ही रीत अजूनही पाळली जाते. वेचणी झाली की कापूस बैलगाडीत दाबून भरायचा, वरून ताडपत्री किंवा जुनं लुगडं आवळायचं आणि पहाटे पेठेला पोचेल अशा बेताने रात्रीच गाडी जुंपायची.

पेठेत गाडी सोडली की दलाल पुढे यायचा. गाडीत कोपरापर्यंत हात घालून तो आतला कापूस उपसून बघायचा, कारण वरचा थर कोरडा आणि आतला ओला असण्याचा संशय त्याला कायम असे. मूठभर कापूस घेऊन सरकी बाजूला करायची, उरलेला पुंजका दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ताणायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं, आणि कवडी किती, पत्ती किती हे बोलून दाखवायचं. मग भाव. तो तोंडाने कधीच ठरत नसे. दलाल आणि खरेदीदार उपरण्याखाली किंवा रुमालाखाली एकमेकांचे हात धरायचे, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. किती बोटं, कुठलं पेर, एकदा दाबलं की दोनदा, यात सगळा हिशेब. गाडीवर बसलेला कापसाचा मालक हे फक्त बघत राहायचा. आपल्या मालाचा भाव किती ठरला, हे त्याला सगळ्यांत शेवटी कळायचं.

त्यानंतर तराजू. मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, शुभ म्हणून ‘लाभ’ म्हणायचा आणि मग दोन, तीन. वजनं दगडाची, आणि प्रत्येक पेढीची आपापली. घ्यायची वेगळी आणि द्यायची वेगळी असाही प्रकार सर्रास चाले. वजन झालं की कडता कापायचा, म्हणजे ओल आणि कचऱ्याच्या नावाखाली केलेली घट. वर दलाली, हमाली, तोलाई, धर्मादाय, पांजरपोळ. यातलं कुठलंही कलम कुठे लिहिलेलं नसे. घासाघीस करायला शेतकऱ्याला वावही नव्हता. गाडी परत न्यायची तर बैलांचा चारा आणि दिवसाची मजुरी बुडते, आणि बहुतेकदा ज्या सावकाराचं बियाण्याचं कर्ज डोक्यावर, त्याच्याच गोतावळ्यातला खरेदीदार समोर उभा असे.

या गोंधळाचा तोटा शेतकऱ्याला होत होता, तसा मँचेस्टरलाही होत होता. बाजारात वजनावर पैसे मिळतात म्हटल्यावर कापसात पाणी, माती, सरकी मिसळण्याची सवय सगळ्यांनाच लागली. शेतातही तेच घडलं. वऱ्हाडात पूर्वी ‘बनी’ नावाचा लांब, मऊ धाग्याचा कापूस होता. ‘जरी’ जातीचा धागा आखूड आणि जाडाभरडा, पण झाडाला बोंडं जास्त आणि रुईचा उताराही चांगला. भाव दोघांना जवळपास सारखाच मिळणार असेल तर बनी कोण लावणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जरीने बनीला जवळजवळ हुसकावून लावलं. चांगला माल ओळखून त्याला चांगला भाव देईल असा बाजारच नव्हता, म्हणून चांगला मालही उरला नाही.

या पार्श्वभूमीवर हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने १८८६ मध्ये कारंज्याचा कापूसबाजार नियमाखाली आला. त्यापाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. रेसिडेंटने एखादं ठिकाण बाजार म्हणून जाहीर करायचं, तिथे एक समिती नेमायची, दलाल, मापारी आणि आडतवाल्यांना परवाने द्यायचे, वजनं तपासायची, दलाली आणि तोलाईचे दर ठरवून द्यायचे, बाजाराच्या परिघात दुसरा चोरटा बाजार भरू द्यायचा नाही आणि नियम मोडणाऱ्याला दंड करायचा, असा त्याचा आराखडा होता. आज कुठल्याही बाजार समितीच्या नियमपुस्तिकेत हेच सांगाड्याचे भाग सापडतात. जाहीर आवार, समिती, परवाना, ठरलेली फी आणि तपासलेला काटा ही पाचही अंगं वऱ्हाडातल्या कापूसबाजारात आधी आली आणि मग देशभर गेली.

पण समितीत बसायचं कोणी? कायद्याने तिथे व्यापाऱ्यांना बहुमत दिलं, सोबत नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी घेतले. कापूस पिकवणाऱ्याची खुर्ची त्यात नव्हती. कायद्याचा हेतू गिरण्यांना स्वच्छ माल खात्रीने मिळावा हा होता, आणि खुर्च्यांची वाटणीही त्या हेतूला धरूनच झाली. तरी शेतकऱ्याला काहीच मिळालं नाही असं म्हणता येत नाही. वजन तपासलेलं असणं आणि कपात ठरलेली असणं हा त्याचा पहिला हक्क इथे कागदावर आला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या बाजारांनी वऱ्हाडी गावांचं रूप पालटलं. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. ‘शकुंतला’ म्हणून लोक जिला अजूनही प्रेमाने ओळखतात ती हीच. तिच्यासाठी १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. आधी मूर्तिजापूरपर्यंत बैलगाड्यांनी जाणारा माल आता पेठेतूनच रेल्वेवर चढू लागला. घराघरांतला हाताने फिरवायचा रेचा अडगळीत गेला आणि बाजाराशेजारी जीन आणि प्रेसच्या चिमण्या उभ्या राहिल्या. जीनमध्ये सरकी आणि रुई वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुई दाबून ३९२ पौंडांची गाठ बांधायची. अशा दोन गाठी म्हणजे मुंबईची ७८४ पौंडांची खंडी, आणि भाव या खंडीवर निघायचे. खामगाव, अमरावतीसारख्या पेठांत राली ब्रदर्स, फोलकार्ट ब्रदर्स यांसारख्या परदेशी कंपन्यांचे खरेदीदार असत, पुढे जपानी कंपन्याही आल्या, कारण आखूड धाग्याचा ऊमरा जपानी गिरण्यांना चालत होता. हंगामाचे तीन-चार महिने खानावळी, लोहार, सुतार, पेंड आणि चारा विकणारे अशा सगळ्यांचे हात भरलेले असत.

याच वर्षांत कॅनडाच्या गवताळ सपाटीवरही रेल्वेच्या कडेने नवी गावं वसत होती. तिथलं पीक गहू. प्रत्येक स्टेशनाजवळ उंच लाकडी कोठार, त्याला एलिव्हेटर म्हणत. शेतकरी गाडी घेऊन तिथे गेला की वजनात मारलं जाई, कचऱ्याच्या नावाने घट धरली जाई, आणि स्वतः रेल्वेच्या डब्यात माल भरायचा म्हटलं तर डबाच मिळत नसे. धनजच्या शेतकऱ्याने ही तक्रार ऐकली असती तर त्याला ती आपलीच वाटली असती. तिथे १९०० मध्ये मॅनिटोबा ग्रेन अॅक्ट झाला. १९०१ मध्ये इंडियन हेड या गावात शेतकऱ्यांनी स्वतःची संघटना बांधली. कायदा असूनही डबे मिळेनात, तेव्हा १९०२ मध्ये सिंटालुटा गावच्या स्टेशन एजंटाला या संघटनेने कोर्टात खेचलं आणि खटला जिंकला. वऱ्हाडात कायदा तीन वर्षं आधी आला होता, पण तो वरून आला. त्याला जाब विचारणारी शेतकऱ्यांची संघटना इथे उभी राहायला बराच काळ जावा लागला. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शेतकरी संघ स्थापन केला तो १९२७ मध्ये.

त्याच १९२७ मध्ये मुंबई इलाख्याने कापूसबाजारांचा कायदा केला. वऱ्हाडचा नमुना समोर होता आणि त्यातली उणीवही दिसत होती, म्हणून या कायद्याने समितीत शेतकऱ्यांना जागा दिल्या. १९२८ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. आयोगाने वऱ्हाडच्या बाजारांची तपासणी केली, नियंत्रित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली आणि ते एकट्या कापसापुरते न ठेवता सर्व शेतमालाला लागू करावेत असंही सांगितलं. मध्य प्रांतात १९३० च्या दशकात नवे कायदे झाले, मुंबई इलाख्यात १९३९ चा कायदा आला, आणि संयुक्त महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने या सगळ्या धारा एकत्र केल्या. उपरण्याखालच्या बोटांची जागा उघड लिलावाने घेतली. कापूस मात्र काही काळ या चौकटीबाहेर गेला. १९७२ पासून सुमारे तीन दशकं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, आणि शेतकऱ्याला आपला कापूस राज्याच्या खरेदी केंद्रावरच घालावा लागे.

समितीतल्या खुर्च्यांची वाटणी आता उलटी झाली आहे. साधारणपणे १८ संचालकांपैकी ११ सेवा सहकारी संस्थांकडून, ४ ग्रामपंचायतींकडून, २ अडते-व्यापाऱ्यांचे आणि १ हमाल-मापाऱ्यांचा. १८९७ मध्ये ज्याला जागाच नव्हती त्याच्या नावावर आज १५ जागा आहेत. पण मत देतात ते सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य. दहा गुंठे जमीन असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला थेट मत देणारी दुरुस्ती २०१७ मध्ये झाली होती, ती पुढे मागे घेतली गेली. म्हणजे खुर्ची शेतकऱ्याची झाली तरी तिच्यावर कोणी बसायचं हे अजून बहुतेक शेतकऱ्यांना ठरवता येत नाही.

आणि तराजूचाही प्रश्न पुरता मिटलेला नाही. वऱ्हाडात आज सोयाबीन आणि तुरीने कापसाची बरीच जमीन घेतली आहे, पण कापूस अजून पिकतो, आणि त्यातला बराचसा बाजाराच्या आवारात येतच नाही. व्यापारी टेम्पो घेऊन थेट गावात येतो, आपल्याच काट्यावर मोजतो आणि रोख पैसे देऊन जातो. याला ‘खेडा खरेदी’ म्हणतात. वाहतुकीचा खर्च वाचतो आणि पैसे लगेच हातात पडतात, म्हणून शेतकरीही राजी असतो. पण तिथे परवाना विचारणारा कोणी नसतो, काटा तपासलेला आहे की नाही हे कळत नाही, आणि ओल किती धरली याची नोंद राहत नाही. १८८६ च्या हुकमाने कारंज्याच्या पेठेत जे दुरुस्त करायला घेतलं, ते धनजसारख्या गावात, शेतकऱ्याच्या अंगणात उभ्या असलेल्या त्या काट्यापर्यंत अजून पोचायचं आहे. समितीच्या तपासनिसाने हंगामात गावोगाव फिरून हे काटे तपासायला हवेत, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही.