ड्यूरेनचा रोग आणि सोयाबीनची पेंड

तेलबियांतून तेल काढल्यावर उरणारी पेंड, जिला विदर्भात ढेप म्हणतात, ही दुभत्या जनावरांच्या खुराकातील प्रथिनांचा मोठा आधार होय. घाण्याच्या पेंडीत बरेच तेल शिल्लक राहते; ते वाया जाऊ नये म्हणून युरोपातील गिरण्या विसाव्या शतकाच्या आरंभी बियांचा भुगा द्रावकात, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या रसायनात, भिजवू लागल्या. पेट्रोलियमपासून मिळणारी द्रावके चटकन पेट घेत, ट्रायक्लोरोएथिलीन मात्र सहसा पेटत नसे, आणि हाच गुण गिरणीमालकांना भावला.

दक्षिण स्कॉटलंडमध्ये अशी सोयाबीन पेंड खाणारी गुरे दगावली, तेव्हा पशुवैद्यक स्ट्युअर्ट स्टॉकमन यांनी 1916 मध्ये या विषबाधेचे वर्णन प्रसिद्ध केले. तरीही 1920 च्या दशकात जर्मनीत तोच प्रकार घडला आणि तेथील ड्यूरेन या गावावरून रोगाला नाव पडले. जनावर काही आठवडे निर्धास्त पेंड खात असे. मग एकाएकी ताप चढे, नाकातून रक्त वाहू लागे, शेणातही रक्त दिसे. हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा, जिथे रक्तपेशी तयार होतात, ती निकामी झाल्याने पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका घटत, व पेंड बंद केल्यावरही काही जनावरे वाचत नसत.

इतका स्पष्ट इशारा मिळूनही दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील लहान कारखान्यांनी हेच द्रावक पुन्हा वापरले, हे या इतिहासातील सर्वांत खेदजनक प्रकरण आहे. मिनेसोटा व आसपासच्या राज्यांत गुरे मेली, तेव्हा कुठे कारणाचा कसून शोध सुरू झाला. द्रावकाचा अंश पेंडीत राहतो एवढेच म्हणणे पुरेसे नव्हते, कारण वाफ देऊन द्रावक उडवून लावले तरी विष टिकून राही. तेल काढतानाच ट्रायक्लोरोएथिलीन सोयाबीनच्या प्रथिनातील सिस्टीन या गंधकयुक्त घटकाशी संयोग पावते. त्यातून होणारे डायक्लोरोव्हिनिल सिस्टीन वासरांच्या अस्थिमज्जेला घातक ठरते, असे 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे पेंडीत विष बाहेरून मिसळलेले नव्हते, ते प्रक्रियेतच तयार होत होते.

महाराष्ट्रातील सोयाबीन कारखान्यांत आज तेल काढण्यासाठी हेक्झेन वापरले जाते. ते प्रथिनाशी असा संयोग पावत नाही, मात्र ज्वालाग्राही असल्याने आगीची खबरदारी कारखान्याला घ्यावी लागते.